बडोद्याच्या फाइन आर्ट्सला ॲडमिशन घ्यायचीय? फॉर्म, दाखले, ॲप्टिट्यूड टेस्ट, सगळं एका जागी

बारावीचे पेपर संपले की दांडिया बाजार, रावपुरा, वाडी असे सगळीकडून आपल्या लोकांचे फोन सुरू होतात, काकू आमच्या मुलीला फाइन आर्ट्सला जायचंय, फॉर्म कधी निघतो, क्लास लावायचा का, टक्के किती लागतात. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि निम्मं तर ऐकणाऱ्याच्या डोक्यातून निघूनही जातं, म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. मी तिथेच शिकले, आता मुलांना ड्रॉइंग शिकवते, त्यामुळे या विषयावर बोलायला लागले की थांबत नाही. जरा लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी एक सांगते. फॉर्म भरणं हे एका दुपारचं काम आहे, ड्रॉइंगचा हात बसायला मात्र महिने लागतात. घराघरांत होतं उलटंच, सगळं घर दाखल्यांच्या मागे धावत असतं आणि टेस्टला आठ दिवस राहिले की ड्रॉइंगचा क्लास शोधायला निघतात. दाखल्यांची धावपळ आई-बाबांनी वाटून घ्या आणि मुलाला रोज दोन तास ड्रॉइंगला मोकळं सोडा. अकरावीपासून सोडलं तर फारच छान, पण बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळपासून सोडलं तरी खूप होतं.

कोर्सबद्दल थोडक्यात. महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी १९४९ ची, आणि तिची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स १९५० मध्ये सुरू झाली, पुष्पबागेत. पेंटिंग विभाग उभा केला तो ना. श्री. बेंद्रे यांनी, म्हणजे आपल्या इंदूरचेच, तिथल्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. डिग्री बीव्हीए, म्हणजे बॅचलर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स, चार वर्षांची. बारावी कुठल्याही स्ट्रीममधून चालते, सायन्सवाले, कॉमर्सवाले सगळे येतात, त्यामुळे 'आधी आर्ट्स घ्यायला हवं होतं का' ही चिंता सोडून द्या.

विभाग कुठला निवडायचा यावर मात्र घरात शांतपणे बोला, कारण इथे लोक ऐकीव माहितीवर टिक करून मोकळे होतात. पेंटिंग, स्कल्प्चर, ग्राफिक आर्ट्स, अप्लाइड आर्ट्स आणि आर्ट हिस्ट्री. यात ग्राफिक आर्ट्सबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज, बऱ्याच पालकांना वाटतं की तिथे कॉम्प्युटरवर लोगो, पोस्टर करायला शिकवतात. तसं नाहीये, तिथे एचिंग, लिथोग्राफी, वुडकट चालतं, जस्ताच्या प्लेटवर ॲसिडचं काम, दगडावर चित्र काढून त्याचे छाप घेणं, हात शाईने काळे होतात आणि प्रेसचं चाक ओढून खांदे दुखतात. ज्याला हे आवडेल त्याच्यासाठी ती सोन्यासारखी जागा आहे, पण ज्याला जाहिरात, टायपोग्राफी, इलस्ट्रेशन, पॅकेजिंग करायचंय त्याने अप्लाइड टाकायचं. आर्ट हिस्ट्रीला वाचन-लिखाण भरपूर, ज्या मुलांना चित्र बघायला आणि त्यावर बोलायला आवडतं पण रोज स्वतः काढायची तेवढी ओढ नाही त्यांनी हा विभाग जरूर बघावा, पुढे म्युझियम, गॅलरी, संपादन, शिकवणं अशा वाटा आहेत. आणि निवडायच्या आधी एकदा मुलाला घेऊन पुष्पबागेत जा, गेटवर विचारून, ऑफिसमध्ये नीट बोलून, शक्य असेल तर स्टुडिओ बाहेरून का होईना बघून या. ते मातीचे ढीग, कापडं बांधलेल्या अर्धवट मूर्ती, टर्पेंटाइनचा वास, हे बघून मूल खुलतंय की बिचकतंय ते आईला लगेच कळतं.

आता फॉर्म. २०२४ पासून गुजरातमधल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांचे अर्ज जीकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून घेतात, त्यामुळे आधी तिथे रजिस्ट्रेशन, मग प्रोफाइल, मग युनिव्हर्सिटी आणि कोर्सची पसंती असा क्रम असतो. पण नुसतं जीकॅस भरून फाइन आर्ट्सचं भागलं असं समजू नका. टेस्टची तारीख, सामान काय आणायचं, रिपोर्टिंग कुठे, हे सगळं फॅकल्टीच्या सूचनेत येतं, तेव्हा एप्रिलपासून युनिव्हर्सिटीची वेबसाइट दोन दिवसाआड उघडून बघायची आणि बडोद्यातच राहत असाल तर सरळ नोटीस बोर्ड बघून यायचं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर अजिबात विसंबू नका, त्यात मागच्या वर्षीचे मेसेजही तसेच फिरत असतात.

फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको, कारण प्रत्येक पायरीला ओटीपी येतो आणि ॲडमिशन कन्फर्म करायच्या दिवशी त्या कॅफेवाल्याला शोधत फिरावं लागतं. नाव मार्कशीटवर जसं आहे अगदी तसंच टाका. आपल्याकडे गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आधारवर बहुतेक वेळा आडनाव शेवटी, शिवाय मराठी आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असतं, कुठे एक 'ए' जास्त, कुठे 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू'. क्रम वेगळा असला तर चालवून घेतात, स्पेलिंग वेगळं असलं की व्हेरिफिकेशनला अडतं. हे दुरुस्त करायला वेळ लागतो म्हणून दहावीची मार्कशीट, एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार आजच शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

कागदपत्रांत दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, ट्रायल सर्टिफिकेट म्हणजे कितव्या प्रयत्नात पास झालात त्याचा दाखला, आधार, फोटो, सही स्कॅन केलेली, आणि एबीसी आयडी, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर, तो डिजिलॉकरमधून निघतो. राखीव जागेतून अर्ज असेल तर जातीचा दाखला, एसईबीसीवाल्यांना, म्हणजे गुजरातेत ओबीसींना म्हणतात त्यांना, त्याबरोबर नॉन-क्रिमीलेअर, आणि ईडब्ल्यूएस असेल तर त्याचा. इथे नीट लक्ष द्या, नॉन-क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएसचे राज्याचे नमुने वेगळे आणि केंद्राचे वेगळे, तेव्हा जनसेवा केंद्रात अर्ज देतानाच सांगायचं की राज्यातल्या ॲडमिशनसाठी गुजराती नमुन्यातला पाहिजे. मे-जूनमध्ये तिथे सगळ्या कोर्सवाल्यांची एकदम गर्दी उसळते, म्हणून दाखल्याची मुदत बघून होईल तितक्या लवकर अर्ज टाका. इंदूर, ग्वाल्हेर, जळगाव, धुळे इकडून येणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिकडचा जातीचा दाखला गुजरातच्या राखीव जागांना सहसा लागू होत नाही, आणि बोर्ड वेगळं असल्याने मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते शाळेत किंवा बोर्डात आधीच मागून ठेवा.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक सांगतात की एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाली का, सीईटी दिली का. ती सीईटी महाराष्ट्राची, तिकडच्या बीएफएसाठी, इथे तिचा संबंध नाही. ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षा दिल्या असतील तर हाताला वळण लागलेलं असतं, तेवढा फायदा आहेच, पण 'ए' ग्रेड आहे म्हणून तयारी सोडली असं करू नका.

बरं, आता मुख्य भागाकडे येते, ॲप्टिट्यूड टेस्ट. कला महाविद्यालयांच्या अशा टेस्टमध्ये फिरून फिरून तीन-चार गोष्टी बघतात, समोरची वस्तू बघून काढता येते का, आठवणीतून आणि कल्पनेतून चित्र रचता येतं का, रंग आणि डिझाइनची समज आहे का, आणि स्कल्प्चरला मातीत हात चालतो का.

वस्तू बघून काढण्याचा सराव घरच्या भांड्यांवर करा. पितळेची कळशी घ्या, खाली जुना पंचा चुण्या पडतील असा टाका, शेजारी दोन कांदे आणि एक डबा ठेवा, खिडकीच्या एकाच बाजूने उजेड येऊ द्या आणि ट्यूबलाइट बंद करा. जमिनीवर ठेवून तुम्ही स्टुलावर बसा. पहिली पंधरा मिनिटं काहीच गडद करायचं नाही, फक्त जागा मोजायची, हात कोपरात सरळ, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठा सरकवत कळशीची उंची रुंदीच्या किती पट आहे ते बघायचं. मग तोंड आणि तळ. इथे दहातली आठ मुलं एकच चूक करतात, कळशीचं तोंड चांगलं गोल लंबवर्तुळ काढतात आणि तळाला सरळ रेघ मारून टाकतात, कारण डोक्यात असतं की तळ तर सपाट असतो. डोळ्यांनी बघा, वस्तू तुमच्या नजरेच्या खाली आहे, तर जे वर्तुळ नजरेच्या पातळीजवळ ते चपटं दिसतं आणि जसजसं खाली जाल तसतसं ते जास्त गोल दिसतं. म्हणजे काठ चपटा, गळ्याची कड थोडी गोल, आणि तळाची कड त्याहून गोल. हे एकदा दिसायला लागलं की बादली, वाटी, कुंडी, सगळं जमतं. लंबवर्तुळाच्या दोन टोकांना टोकदार कोपरे करू नका, तिथेही रेषा वळतेच.

पंच्याच्या चुण्या एकेक मोजून काढत बसू नका, कापड कुठे अडकलंय, कुठून ताणलंय तो बिंदू शोधा, सगळ्या मोठ्या चुण्या तिथूनच निघतात. शेडिंग करताना डोळे बारीक करून बघा म्हणजे बारीकसारीक जातं आणि उजेड, मधला, अंधार असे तीनच भाग उरतात, आधी ते तीन भरा. बोटाने किंवा कापसाने घासून गुळगुळीत करायची सवय आत्ताच मोडा. घासलेलं चित्र लांबून धुरकट दिसतं, उलट रेषेत हात किती ठाम आहे ते बघणाऱ्याला लगेच समजतं. रबर पण कमीत कमी, पहिली चुकलेली रेषा तशीच राहू दे, तिच्या शेजारी बरोबर रेषा ओढा.

आठवणीतल्या चित्राला विषय साधे असतात, बाजार, बस स्टॉप, लग्नघर, पावसातला रस्ता अशासारखे. मुलं लगेच कागदाच्या तळाशी एक रेघ मारतात आणि त्यावर माणसं ओळीने उभी करतात, सगळी समोर तोंड करून. त्याऐवजी आधी कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या तीन-चार छोट्या रचना करून बघा, पाच मिनिटं जातात पण चित्र वाचतं. तुम्ही कुठून बघताय ते ठरवा. खंडेराव मार्केट काढायचंय तर भाजीवालीच्या पाठीमागून काढा, म्हणजे पुढे तिचा मोठा खांदा आणि तागडी, मग भाजीचे ढीग, आणि पलीकडे वाकून भाव विचारणारी गिऱ्हाइकं, लगेच जागेला खोली येते. माणसं लहान-मोठी करताना हे ध्यानात ठेवा, तुम्ही उभे राहून सपाट जमिनीवर बघताय तर उभ्या असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे साधारण एकाच पातळीवर येतात, जवळचा असो की लांबचा, बदलतात ते पाय, लांबच्याचे पाय वर सरकतात. गरब्याची गर्दी असो की स्टेशनचा प्लॅटफॉर्म, ही एवढी गोष्ट सांभाळली तरी चित्र सावरतं.

रंगात खूप रंग वापरले म्हणजे चांगलं असं नाही, चार-पाच ट्यूबमधून बाकीचे मिसळून काढा, सावलीला सरळ काळा लावू नका, निळा आणि ब्राऊन मिसळून बघा. पोस्टर कलरचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा लावला की खालचा उचलला जातो आणि चिखल होतो, टेस्टच्या घाईत हमखास होतं, म्हणून घड्याळ लावून घरी सराव करा.

स्कल्प्चरवाल्यांनी, गणपतीसाठी शाडू घरात येतोच तर त्यातला थोडा बाजूला ठेवा. आल्याचा एक वाकडातिकडा तुकडा समोर घ्या आणि मातीत त्याच्या तिप्पट मोठा करा, सगळ्या बाजूंनी फिरवत. समोरून हुबेहूब आणि मागून सपाट असं बरेच जण करतात, तुम्ही मागूनच सुरुवात करा.

क्लासचं विचाराल तर लावा, पण जिथे फोटोवरून कॉपी करून घेतात आणि महिन्यात पोर्ट्रेट शिकवतो म्हणतात तिथे नको. खरा क्लास बाहेर आहे आणि बडोद्यात तो फुकट आहे. खिशात मावेल अशी स्केचबुक घ्या आणि रोज बाहेर पडा. स्टेशनवर गाडीची वाट बघत पेंगणारी माणसं हलत नाहीत, सुरुवात तिथून करा. मग सुरसागर तलावाच्या पाळीवर बसलेली माणसं, मग मार्केट, मग कमाटीबागेच्या प्राणिसंग्रहालयातली जनावरं, ती सतत हलतात म्हणून एकाच पानावर पाच-सहा अर्धवट स्केच चालू ठेवायची, प्राणी परत त्याच पोझमध्ये आला की ते पुढे न्यायचं. मुली म्हणतात लोक वाकून बघतात, लाज वाटते. पहिले काही दिवस आईने किंवा मैत्रिणीने सोबत बसावं, मग सवय होते, आणि बघणारे बडोदेकर बहुतेक वेळा कौतुकच करतात, चहासुद्धा विचारतात.

इंटरव्ह्यू असला की मुलं एका गोष्टीला घाबरतात, आवडता कलाकार कोण. आणि सगळे परदेशातली तीच दोन-तीन नावं सांगतात. अहो, आपल्या गावात काय काय आहे ते तरी बघून जा. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्यात, गंगावतरण, मीरेचं आयुष्य, टागोरांचं नाटक नटीर पूजा आणि महाभारत, बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात आणि आपण रोज शेजारून स्कूटर काढतो. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात, म्हणजे मराठी दिवाणाच्या घरात, एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, त्यात कृष्णलीलाही आहेत आणि गोऱ्या मडमाही. राजवाड्याच्या आवारातल्या फतेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, कमाटीबागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत युरोपची चित्रं आहेत. प्रत्येक ठिकाणी एकच चित्र निवडा, त्याच्यासमोर अर्धा तास थांबा, जमलं तर त्याची रचना स्केचबुकात उतरवा आणि घरी येऊन चार ओळी लिहा की यात डोळा आधी कुठे जातो आणि मग कुठे वळतो. हे केलेलं मूल इंटरव्ह्यूला पाठ केलेलं बोलत नाही, स्वतःचं बोलतं. फाइन आर्ट्सचीच माणसं पण जाणून घ्या, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, चार्टर्ड अकाउंटंट असून चित्रकार झालेले भूपेन खख्खर. त्यांचं काम बघा, नुसती नावं पाठ करू नका.

पोर्टफोलिओ मागितला तर पंधरा-वीस कामं पुरतात, पण निवडून. फोटोवरून केलेले देवांचे आणि नट-नट्यांचे पोर्ट्रेट बाहेर काढा, घरच्यांना कितीही आवडत असले तरी. स्केचबुक मात्र अख्खी न्या, खराब पानांसकट, फाडू नका, कारण तुम्ही सहा महिन्यांत कसे पुढे गेलात ते तिथेच दिसतं. मातीच्या कामाचे फोटो तीन बाजूंनी काढा. फोटो सकाळी गॅलरीत, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, कॅमेरा चित्राला अगदी समांतर धरून काढा, फ्लॅश नको, आणि प्रत्येकाखाली माध्यम, माप आणि वर्ष लिहा.

टेस्टच्या सामानाची यादी सूचनेत असते ती पाळायचीच, पण साधारण ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा, एचबीपासून सहा बीपर्यंत पेन्सिली, कटर, पोस्टर कलर, एक गोल जाड, एक बारीक आणि एक चपटा ब्रश, जुनं सुती फडकं, पाण्याला रुंद तोंडाची बाटली. नवीन ब्रश आणि नवीन रंग त्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. जूनमध्ये टेस्ट असली तर कधी असह्य उकाडा तर कधी धो धो पाऊस, कागदावर घामाचा हात लागून डाग पडतात म्हणून हाताखाली एक कोरा तुकडा ठेवा आणि बोर्ड न्यायला मोठी प्लास्टिकची पिशवी. हॉलमध्ये शेजारच्याचं चित्र आपल्यापेक्षा भारी वाटणारच, मान वळवू नका.

शेवटी यादी. नाव आलं की ठरलेल्या मुदतीत ॲडमिशन कन्फर्म करून फी भरली नाही तर जागा पुढच्याला जाते, तेव्हा त्या आठवड्यात गावाला जाणं, लग्नकार्य काही ठेवू नका आणि ओरिजिनल कागद एका फाइलमध्ये घरीच असू द्या. नाव वेटिंगवर असेल तर मेल आणि पोर्टल रोज बघा, बरेच जण दुसरीकडे पण फॉर्म भरतात आणि तिकडे मिळालं की इकडची जागा सुटते. तुम्हीही एकाच ठिकाणी भरोसा ठेवू नका, बनारसला बीएचयू आहे, शांतिनिकेतनचं कलाभवन आहे, तिथल्या तारखा आणि परीक्षा वेगळ्या असतात त्या आधीच लिहून ठेवा. बाहेरगावच्यांना हॉस्टेलचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, ॲडमिशनबरोबर आपोआप खोली मिळत नाही, आणि त्यासाठी फीची पावती लागते, म्हणून फी भरल्या भरल्या पावतीच्या दोन-तीन प्रिंट काढून ठेवा.